दातांसाठी अंताल्या की गोवा? स्विंडनच्या जावेसाठी सल्ला हवा

अबोली_डिचोली (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझी धाकटी जाऊ आणि दीर इंग्लंडमधल्या स्विंडनला असतात. जावेचं वय ४६. डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा काढून बराच काळ झालाय, आणि वर उजवीकडे एका दाढेचं नुसतं मूळ शिल्लक आहे. त्यामुळे धड कुठल्याच बाजूने चावता येत नाही. व्हिडिओ कॉलवर जेवताना दिसते ना, भाकरीचा तुकडा आमटीत मऊ होईपर्यंत बोटाने दाबत बसते. बघवत नाही.

तिकडच्या खाजगी डॉक्टरने खालच्या दोन दाढांच्या जागी दोन इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचे कृत्रिम दात) सांगितलेत, कॅपसकट ४,८०० पौंड. वरचं मूळ काढायचे पैसे वेगळे. दोघांचे पगार बेताचे, पोर शिकतंय, एवढी रक्कम एकदम निघणं कठीण.

आता तिला फोनवर तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या एका दवाखान्याची जाहिरात आली. पाच रात्री हॉटेल, विमानतळावरून ने-आण, दोन इम्प्लांट आणि वर पुढच्या वीस दातांना पांढऱ्याशुभ्र कॅप, सगळं मिळून ३,५०० पौंड. या महिन्यात आगाऊ रक्कम भरली तर आणखी सूट. तिचं मन तिकडे झुकलंय. सासूबाई म्हणतात, चवथीला घरी येणारच आहात तर दात इथेच करा.

कोणाच्या घरात असा अनुभव असेल तर कृपया लिहा. मला तिला "ये" म्हणायचंय, पण नुसत्या मायेपोटी सांगून उपयोग नाही, कारणं द्यायला हवीत.

साखळीकर (सोमवार, रात्री १०:०५)

डोळे मिटून गोव्यात बोलवा. आमच्याकडे चांगल्या कंपनीचा इम्प्लांट कॅपसकट तीस ते साठ हजारांच्या दरम्यान बसतो, कंपनीवर आणि डॉक्टरवर अवलंबून. पौंड ११५ रुपये धरला तरी दोन दातांचे फार तर हजार-साडेदहाशे पौंड होतात. कळंगुट-कांदोळीला इंग्रज आणि मोरजीला रशियन सुट्टीवर येतात, तेव्हा दातांचं काम उरकूनच परत जातात. परके येतात, मग आपल्याच माणसाने तुर्कस्तानात का जावं?

स्विंडन_पेडणे (सोमवार, रात्री ११:५०)

अबोलीताई, मी इथेच स्विंडनला आहे, म्हणून इथली बाजू सांगतो.

इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, दातांच्या उपचारांचे तीन दर आहेत. तिसऱ्या दरात कॅप, ब्रिज आणि कवळी येते. एप्रिल २०२५ मध्ये तो दर ३२६.७० पौंड होता, आणि त्या एका उपचारक्रमात कितीही कॅप लागल्या तरी रक्कम तेवढीच. इम्प्लांट मात्र अगदी खास वैद्यकीय कारण असेल तरच. त्यामुळे तुमच्या जावेला इम्प्लांट खाजगीच करावे लागणार, हे खरं. पण काढ-घाल करायची अर्धी कवळी तिला एनएचएसमध्ये मिळू शकते. अडचण एवढीच की नवीन पेशंट घेणारा एनएचएसचा डेंटिस्ट सापडणं अवघड झालंय. आमच्या ओळखीतले कितीतरी लोक यादीत नाव लावून बसलेत.

दुसरी गोष्ट. बाहेरून इम्प्लांट करून आलेल्या माणसाला काही झालं, तर इथले बरेच डेंटिस्ट त्या कामाला हात लावायला कचरतात. दुखणं थांबवतील, पू झाला असेल तर औषध देतील, पण दुसऱ्याने बसवलेला स्क्रू उघडून दुरुस्त करायची जबाबदारी घेत नाहीत. तुर्कस्तान असो की गोवा, दोन्हीकडच्या कामाला हे सारखंच लागू आहे. वहिनींना आधी हे सांगा.

दर्यावर्दी (मंगळवार, सकाळी ७:१५)

जहाजावर नोकरी केल्यामुळे वेगवेगळ्या देशांतल्या लोकांकडून दातांच्या गोष्टी खूप ऐकल्या. थोडं मोठं लिहितो, कारण "परदेशी जाऊन स्वस्तात दात" हा प्रकार सगळीकडे एकसारखा नाही.

अमेरिकेच्या सीमेला लागून मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचं छोटं गाव आहे. ॲरिझोनाचं यूमा शहर तिथून अगदी जवळ. गावाच्या चार गल्ल्यांत काही शे डेंटिस्ट, मधेमधे चष्म्याची आणि औषधांची दुकानं. हिवाळ्यात थंडी चुकवायला ॲरिझोनात उतरलेले अमेरिकन आणि कॅनेडियन म्हातारे-म्हाताऱ्या अमेरिकेच्या बाजूलाच गाडी लावतात, चालत गावात शिरतात, दात करून संध्याकाळी परत. युरोपात हंगेरीचं तसंच. शोप्रोन हे गाव व्हिएन्नाहून तासाभरावर, मोशोनमाग्यारोवारही सीमेजवळच. ऑस्ट्रियातले लोक तिथे पिढीजात डॉक्टर असल्यासारखे जातात. स्वस्त का, तर जागेचं भाडं कमी, सहायकांचे आणि कॅप बनवणाऱ्या लॅबचे पगार कमी, विम्याचे हप्ते कमी. माल मात्र तोच, तेच स्विस आणि कोरियन स्क्रू. स्वस्त म्हणजे वाईट, असं समजायचं कारण नाही.

पण एक बघा. यूमातला म्हातारा किंवा व्हिएन्नातली बाई, कॅप हलली तर दुसऱ्या दिवशी गाडी काढून त्याच डॉक्टरसमोर जाऊन बसते. या गावांचं नाव झालं ते त्यामुळे. डॉक्टर आणि पेशंट यांच्यात एक सीमारेषा असते, समुद्र नसतो. स्विंडनहून अंताल्याला दुखऱ्या दाताने किती वेळा जाणार? गोव्यालासुद्धा हाच प्रश्न लागू आहे, पण गोव्यात तुमची जाऊ नाहीतरी येणारच. घर आहे, सासू आहे, चवथ आहे. परत यायचं निमित्त शोधावं लागत नाही. माझ्या मते दरापेक्षा हा फरक मोठा.

माजी_बांबोळी (मंगळवार, दुपारी २:३०)

मी दंतवैद्य आहे, बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात शिकलो. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण त्या जाहिरातीतली एक गोष्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ती गोष्ट म्हणजे वीस कॅप. जावेची तक्रार तीन दाढांची आहे. पुढचे वीस दात कशासाठी? पूर्ण कॅप बसवायची तर दात चारी बाजूंनी आणि वरून कोरावा लागतो. चांगल्या दाताचा वर दिसणारा निम्म्याहून जास्त भाग त्यात जातो आणि खाली छोटी खुंटी उरते. तो भाग पुन्हा कधीच येत नाही. कोरताना आतल्या नसेला जी इजा होते, त्यामुळे यातल्या काही दातांना पुढे रूट कॅनल लागतं, कधी सहा महिन्यांनी, कधी पाच वर्षांनी. शिवाय कॅप जन्मभर टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, आणि तोवर खालची खुंटी आणखी नाजूक झालेली असते. ४६ व्या वर्षी वीस निरोगी दात कोरले तर साठीनंतर वीस दातांचा खर्च आणि वीस दातांची काळजी मागे लागेल. ब्रिटनमधली तरुण मुलं याला 'टर्की टीथ' म्हणतात, आणि तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने यावर इशारेही दिलेत. कृपा करून तिला एवढं तरी आज रात्री फोन करून सांगा. इम्प्लांट कुठेही करू दे, पण चांगल्या दातांना हात लावू देऊ नको.

आता इम्प्लांटविषयी. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशांच्या हाडात टायटॅनियमचे छोटे कप्पे बसवून रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर ते कप्पे निघेनात, हाडाने टायटॅनियमला घट्ट धरलं होतं. १९५२ च्या सुमाराची ही गोष्ट. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि ते त्या गृहस्थाच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांवर टिकले. आजचा सगळा इम्प्लांटचा धंदा त्या एका गुणावर उभा आहे: हाड टायटॅनियमला आपलं मानतं. पण त्याला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात हाड जरा पोकळ असतं म्हणून चार ते सहा. कुळागरात सुपारीचं रोप लावून त्याच आठवड्यात त्यावर मिरवेल कोणी चढवत नाही, तसंच हे.

मग पाच रात्रींत दात कसे देतात? दोन प्रकारे. एक, आत्ता फक्त स्क्रू बसवतात, वर तात्पुरतं काहीतरी लावतात आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. जाहिरातीत ही दुसरी फेरी बारीक अक्षरात असते. ही पद्धत वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, फक्त दुसऱ्या फेरीचा खर्च कोण करणार ते विचारा. दुसरा प्रकार म्हणजे लगेच कायमची कॅप. पुढच्या दातात, हाड मजबूत असेल आणि चावण्याचा भार येत नसेल तर ते जमतं. दाढेवर सगळा भार येतो. तिथे घाई केली तर स्क्रू हाडात किंचित हलत राहतो, आणि त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ ऊती धरते. असा स्क्रू शेवटी निघतोच.

पूर्ण दात गेलेल्यांसाठी चार स्क्रूंवर अख्खी रांग बसवायची पद्धत आहे. ती लिस्बनच्या पावलो मालो या डॉक्टरांनी रूढ केली. त्यात त्याच दिवशी दात देतात, कारण चारही स्क्रू एकमेकांना बांधलेले असतात. पण तीही रांग तात्पुरती, कायमची काही महिन्यांनीच. जावेच्या केसमध्ये त्याचा संबंध नाही.

अबोलीताई, दोन गोष्टी कळवा. तिला मधुमेह आहे का, आणि घरात कोणी सिगारेट ओढतं का, म्हणजे ती स्वतः?

मीनल_फोंडा (मंगळवार, संध्याकाळी ६:२०)

डॉक्टर, इतकं नीट लिहिलंत, आभार. स्क्रू कोणत्या कंपनीचा, हे पेशंटला माहीत असणं किती गरजेचं आहे ते मला सांगायचंय.

माझा मावसभाऊ आखातात नोकरीला. तिथून शेजारच्या एका देशात जाऊन त्याने खालच्या दाढेचा इम्प्लांट केला. वर्षभराने सुट्टीवर फोंड्याला आला तेव्हा कॅप हलायला लागली होती. मीच त्याला आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, स्क्रू ठणठणीत आहे, हाडही छान धरलंय, फक्त वरचा छोटा बोल्ट सैल झालाय, आवळला की झालं. मग विचारलं, कंपनी कोणती? भावाला माहीत नव्हतं. कागद नाही, स्टिकर नाही, बिलावर नुसतं 'इम्प्लांट, १ नग'.

प्रत्येक कंपनीच्या बोल्टचं डोकं वेगळं, कोणाचं षटकोनी, कोणाचं चांदणीसारखं, मापंही वेगळी. चुकीचा स्क्रूड्रायव्हर घातला तर डोकं घासतं आणि मग बोल्ट निघतच नाही. डॉक्टर एक्स-रे मोठा करून संगणकावर स्क्रूच्या आट्यांचा आकार आणि खालचं टोक एकेका कंपनीच्या चित्रांशी जुळवत बसल्या. बाहेर पेशंट खोळंबलेले. शेवटी दोन कंपन्यांवर संशय आला. एकाचा ड्रायव्हर त्यांनी पणजीच्या डॉक्टर मैत्रिणीकडून मागवला, तो बसला नाही. दुसऱ्याचा मुंबईहून येईपर्यंत भावाची रजा संपली. तो तसाच हलती कॅप घेऊन परत गेला.

त्यामुळे जाऊ कुठेही इम्प्लांट करो, खोक्यावरचे स्टिकर मागून घ्यायचे. त्यावर कंपनी, मॉडेल, लांबी-रुंदी आणि लॉट नंबर असतो. फाइलला एक आणि पेशंटला एक, असे ते जादाच येतात. जे डॉक्टर नीट काम करतात ते न मागता कार्डावर चिकटवून देतात. त्याचा फोटो काढून फोनमध्ये आणि ईमेलवर, दोन्हीकडे ठेवायचा.

माजी_बांबोळी (मंगळवार, रात्री ८:००)

मीनलताई, तंतोतंत. यात एकच भर. जगभर सहज मिळणाऱ्या कंपनीचाच स्क्रू मागा. स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर, कोरियाची ऑस्टेम, इस्रायलची एमआयएस, यांपैकी काहीही असलं तर स्विंडनच्या डॉक्टरलाही सुटे भाग मिळतील. पाच-दहा हजार वाचवायला अनोळखी कंपनी घेऊ नका. परदेशी राहणाऱ्या पेशंटसाठी मी हा नियम कडक पाळतो.

अबोली_डिचोली (मंगळवार, रात्री १०:१५)

सगळ्यांचे खूप आभार. जावेशी बोलले. वीस कॅपचं ऐकून ती बराच वेळ गप्प झाली. तिला वाटत होतं की कॅप म्हणजे नखाला रंग लावतात तसं वरून काहीतरी चिकटवतात. दात कोरतात हे जाहिरातीत कुठेच नव्हतं म्हणे. ते तिने डोक्यातून काढलंय.

डॉक्टर, सिगारेट नाही. साखर आहे, गोळ्या चालू. मागच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, ८.४ आली होती.

आणि साखळीकरांचा हिशेब दिराला दाखवला तर तो म्हणतो, दोनदा यायचं तर तिकिटांचं काय?

साखळीकर (बुधवार, सकाळी ८:३०)

दिराचं बरोबर आहे, मी तिकीट धरलं नव्हतं. परत मांडतो. स्विंडनला ४,८००. गोव्यात दोन इम्प्लांट जास्तीत जास्त धरले तर १,०५० पौंड. मूळ काढणं, स्कॅन, औषधं मिळून आणखी शंभर. तिकीट ७०० धरलं तर दोन फेऱ्यांचे १,४००. एकूण २,५५०. म्हणजे सव्वादोन हजारांची बचत. त्यातली एक फेरी चवथीची, ती तुम्ही तशीही करणार होता, ती वजा केली तर तीन हजारांच्या जवळ जाते.

पण एकाच दाताचं काम असतं आणि येण्याचं दुसरं कारण नसतं, तर मी सांगितलं असतं की तिथेच करा. दोन तिकिटांत बहुतेक बचत गेली असती.

रानमोगरा (बुधवार, सकाळी ११:००)

गोव्याची बाजू मांडताना एक काळजीही सांगू द्या. किनारी भागात परदेशी पेशंटच्या भरवशावर चालणारी ठिकाणं वाढलीत आणि सगळी सारखी नाहीत. तुर्कस्तानची जाहिरात आणि इथली काही जाहिरात यांत मला फरक दिसत नाही, तीच 'एका आठवड्यात नवं हास्य' वगैरे भाषा. गोव्यात आहे म्हणून चांगलंच असेल, असं धरून चालू नका.

आमच्या नात्यात अशी कामं झाली तेव्हा आम्ही काय बघितलं ते सांगते. कोण करणार, हे नाव घेऊन विचारलं. बऱ्याच ठिकाणी पाटीवरचे डॉक्टर वेगळे आणि इम्प्लांट करायला आठवड्यातून एकदा बाहेरून येणारे वेगळे. त्यात चूक काही नाही, पण ते कोण, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) कशात, राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंद आहे का, हे कळायला हवं. आणि ते निघून गेल्यावर रात्री सूज आली तर फोन कोण उचलणार? मग योजना लिहून मागितली: कोणता दात, कोणती कंपनी, कॅप झिरकोनियाची की धातूवर पोर्सेलिनची, कोणत्या टप्प्यावर किती पैसे. जिथे लिहून द्यायला टाळाटाळ झाली तिथून उठलो. एकूण रकमेपेक्षा हा कागद मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

बांबोळीच्या डेंटल कॉलेजचा विचारही करा. १९८० पासून चालू आहे, दर अगदी कमी, शिकणारे डॉक्टर काम करतात पण वर अनुभवी प्राध्यापक बघतात. वेळ मात्र लागतो, सकाळी लवकर नंबर लावायचा, परत परत जावं लागतं. गावातल्या माणसाला उत्तम. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्याला जमेलच असं नाही.

कोर्टवाट_म्हापसा (बुधवार, दुपारी १:४५)

काही बिघडलं तर दाद कुठे मागायची, यावर अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वकिली करतो.

भारतात पैसे घेऊन दिलेला वैद्यकीय उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात हे स्पष्ट केलं. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्यात जिल्हा आयोग आहेत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. जाऊ परदेशात असली तरी कुलमुखत्यारपत्र देऊन घरचं माणूस तक्रार चालवू शकतं. पण कागद हवेत: बिल, लेखी योजना, स्कॅन, संमतीपत्राची प्रत. रोख देऊन पावती न घेणाऱ्यांना मी काहीच मदत करू शकत नाही, याचं वाईट वाटतं.

अंताल्यातल्या दवाखान्यावर दावा करायचा तर बहुतेक वेळा तिथेच, तिथल्या भाषेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला एक आधार मात्र आहे. तिथल्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाप्रमाणे, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर करारभंगाची जबाबदारी कार्ड कंपनीवरही येते, खरेदी परदेशात केली असली तरी. डेबिट कार्डाला ते कलम नाही. मधल्या एजंटाच्या खात्यात पैसे भरले तर हा हक्क अडचणीत येऊ शकतो, म्हणून थेट दवाखान्याला भरावेत. गोव्यात कार्ड घेत असतील तर इथेही तेच करा.

माजी_बांबोळी (बुधवार, रात्री ९:१०)

अबोलीताई, ८.४ वर मी स्वतः इम्प्लांट लावणार नाही. साखर जास्त असली की जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि हाड स्क्रूला नीट धरत नाही. सातच्या आसपास आणायला सांगा. चवथीपर्यंत वेळ आहे, तिथल्या डॉक्टरशी बोलून गोळ्या आणि आहार नीट केला तर जमण्यासारखं आहे. नाही जमलं तर त्या फेरीत फक्त मूळ काढा, दात साफ करून हिरड्यांचे उपचार करा, आणि इम्प्लांट पुढच्या फेरीला. त्यात काही बिघडत नाही.

वेळापत्रक असं सुचवतो. निघण्यापूर्वीच ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि जमलं तर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन इथल्या डॉक्टरला पाठवा. स्कॅनचा फोटो नको, मूळ फाइल, म्हणजे हाडाची रुंदी आणि खालच्या जबड्यातली नस किती दूर आहे ते मोजता येतं. यावरूनच इथे यायचं की नाही ते ठरेल. हाड कमी निघालं तर हाडाची भर घालावी लागते, मग खर्च आणि महिने दोन्ही वाढतात. ते तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं.

चवथीच्या आधी आठवडाभर तरी पोचायला हवं. चतुर्थीच्या दिवसांत बहुतेक दवाखाने बंद असतात, आणि आल्या-आल्या माटोळी बांधायची, पाहुण्यांचं करायचं, त्यात हे राहून जातं. पहिल्या दोन-तीन दिवसांत स्क्रू आणि मूळ काढणं, आठ-दहा दिवसांनी टाके काढायचे, मग परतीचं विमान. काढलेल्या जागी दुखणं वाढायचं असेल तर ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढतं, तेव्हा ती विमानात नको, आमच्या समोर हवी. वर उजवीकडे पुढे इम्प्लांट करायचा झाला आणि तिथे सायनस (दाढांच्या वरची हवेची पोकळी) उचलावा लागला, तर त्यानंतर साधारण दोन आठवडे विमान टाळायला सांगतात, कारण हवेच्या दाबातला बदल तिथे जाणवतो. पण तो विषय आत्ताचा नाही.

पहिले दिवस पेज, मऊ भात, आंबट-तिखट नसलेली आमटी. नेवऱ्या, चकल्या आणि कडक उंडे त्या बाजूला अजिबात नकोत. चवथीच्या घरात हे सांभाळणं कठीण असतं, म्हणून सासूबाईंनाच सांगून ठेवा. त्यांनी मनावर घेतलं की होतं.

कॅप तीन-चार महिन्यांनी. नाताळच्या सुट्टीत आली तर त्या दहा-बारा दिवसांत माप, कॅप आणि एकदा तपासणी आरामात होते. तेव्हा डॉक्टरची वेळ दोन महिने आधी घ्या, कारण डिसेंबरात इथे परदेशी पेशंटची गर्दी असते. आणि पुढे दरवर्षी स्विंडनला दात साफ करून घेणं चालू ठेवायला हवं. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड आजारी पडू शकतं.

स्विंडन_पेडणे (गुरुवार, पहाटे १:२०)

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्यावर: जाण्याआधीच इथल्या डेंटिस्टला विचारून ठेवा की परत आल्यावर इम्प्लांटची नुसती साफसफाई आणि वर्षाचा एक्स-रे करशील का. हो म्हणणारे आहेत. आमच्या गल्लीतल्या एका गोवेकर बाईंनी असंच केलंय, स्टिकरची प्रत इथल्या फाइलला लावून घेतली. अबोलीताई, वहिनींना माझा निरोप द्या, हवं तर मी डेंटिस्टकडे सोबत जाईन.

अबोली_डिचोली (गुरुवार, सकाळी ७:५०)

देव बरें करूं, तुम्हा सगळ्यांचं. सगळा धागा जावेला आणि दिराला पाठवला. अंताल्याचं रद्द. ती याच आठवड्यात साखरेसाठी डॉक्टरची वेळ घेतेय, स्कॅनचंही विचारतेय. सासूबाईंना पथ्याचं सांगितलं, त्यांनी आत्तापासून पेजेच्या तांदळाची सोय करून ठेवली.

काणकोणकार (गुरुवार, सकाळी ११:३०)

याच धाग्यात विचारतो, चालेल ना? माझी आई ६८ वर्षांची, इथेच असते. बहीण तिला दुबईला नेऊन दात करायचं म्हणते, मी म्हणतो उलट बहिणीनेच इथे यावं. ते असो. आई हाडं ठिसूळ होतात म्हणून दर रविवारी उपाशीपोटी एक गोळी घेते, बऱ्याच वर्षांपासून. दोन दाढा काढायच्या आहेत. दातांच्या डॉक्टरला हे सांगायची गरज आहे का?

माजी_बांबोळी (गुरुवार, दुपारी १:०५)

नक्की सांगा, पहिल्याच भेटीत. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची गोळी म्हणजे बहुतेक ॲलेंड्रोनेट किंवा त्याच गटातलं औषध. या औषधांवर असलेल्या काही थोड्या रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं राहतं आणि भरत नाही. गोळ्यांवर हे क्वचित होतं, शिरेतून घ्यायच्या झोलेड्रोनिक ॲसिडवर, विशेषतः कॅन्सरच्या उपचारात, जास्त. औषध किती वर्षं चालू आहे यावर बरंच अवलंबून असतं.

आपल्या मनाने गोळी बंद करू नका. गोळीच्या पाकिटाचा फोटो घेऊन जा, ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याशी दातांच्या डॉक्टरांना बोलू द्या. रक्त पातळ करायचं औषध असेल तर तेही सांगा. आणि अशा पेशंटच्या जखमेवर नंतर काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून दाढा काणकोण-मडगावकडेच काढा. आईला त्यासाठी दुबईला नेऊ नका.